बांधाकडे तोंड करून

आमच्या कॉलेजात कॅमेरे आले त्या आठवड्यात मुलांच्या खिशातले कंगवे झिजले. गेटमधून आत येताना जो तो खांबाकडे मान वर करून भांग सारखा करायचा. पालक म्हणून आलेल्या एका म्हातारबुवांनी तर चप्पल काढून कॅमेऱ्याला हात जोडले आणि मगच ऑफिसात गेले. मुलींच्या खोलीत अफवा होती की ह्या यंत्रातून कपड्यांच्या आतलंही दिसतं. त्यामुळे आम्ही ओढण्या घट्ट लपेटून गेटातून पळत सुटायचो. पण खरे घाबरले ते प्राध्यापक. बेल होऊन गेल्यावर टपरीवरचा चहा संपवून सावकाश येणारी माणसं अचानक घड्याळाच्या काट्यावर हजर व्हायला लागली.

ही गोष्ट १९९६ सालची, जळगावातली. कॉलेजच्या सायकल स्टँडवरून सायकली चोरीला जायच्या, म्हणून संस्थेच्या सेक्रेटरींनी हौसेनं चार कॅमेरे बसवून घेतले. शिवाय म्हणे कॉलेजचं वातावरण सुधारायचं होतं. वातावरण म्हणजे मुली, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कॅमेरे आले, टीव्ही आला, व्हीसीआर आला, पण चालवणार कोण? तेव्हा सगळ्यांना तोतारामभाऊ आठवले.

तोतारामभाऊ फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, तेही तात्पुरते. मूळचे शिंदखेड्याकडचे. ठेंगणे, सावळे, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. नोकरीत यायच्या आधी त्यांचा धंदा व्हिडिओचा होता. ऐंशीच्या दशकात धुळे जिल्ह्यातल्या गावोगावी ते रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं घेऊन जायचे. गणपती असो, जाऊळ असो, कुणाचा साखरपुडा असो, चौकात पडद्यासमोर सगळं गाव बसायचं. गंमत अशी, की शेकडो पिक्चर लावलेल्या ह्या माणसाला एकाही पिक्चरची गोष्ट धड सांगता यायची नाही. आम्ही मुद्दाम विचारायचो, "भाऊ, शेवटी हिरो मरतो का हो?" ते म्हणायचे, "काय माहीत बाई, मन्ही पाठ व्हती." पडद्याकडे पाठ करून ते गर्दीच्या कडेला उभे राहायचे. कुणी पिऊन आला, बायकांच्या बाजूला सरकायला लागला, की भाऊ त्याच्या आडवे. पुढे घरोघर केबल आली, धंदा बसला आणि भाऊ पोटासाठी जळगावला आले.

प्राचार्य सरांनी कॅमेऱ्यांची नोटीस लिहून भाऊंना दाखवली. सर मोकळे होते, शिपायालाही विचारायचे. नोटिशीत लिहिलं होतं, 'महाविद्यालयाच्या आवारात पाळत ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली आहे.' भाऊंनी ती वाचली आणि डोकं खाजवलं.

"सर, पाळत चोरवर ठेवतस," ते म्हणाले. "पोरेसनी तर राखन करतस."

सर हसले आणि त्यांनी खरंच 'पाळत' खोडून 'राखण' लिहिलं. नोटीस लागली तेव्हा इंग्रजीचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड करून म्हणाले, "आता कॉलेजात बुजगावणंही उभं करा!" पण शब्द चिकटला. टीव्ही ठेवलेल्या जिन्याखालच्या बारक्या खोलीला सगळे राखणीची खोली म्हणायला लागले.

भाऊंनी पहिलं काम केलं ते सायकल स्टँडवर. तिथला कॅमेरा बसवणाऱ्यांनी स्टँडकडेच रोखून ठेवला होता. म्हणजे सायकली दिसायच्या आणि सायकलींपाशी उभ्या राहणाऱ्या मुली दिसायच्या. भाऊ शिडीवर चढले, स्क्रू ढिले केले आणि कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. आता त्यात दिसायला लागली स्टँडमागची कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडचा रस्ता आणि रस्त्याकडेचं कडुलिंबाचं झाड. सेक्रेटरी खवळले. "अरे, सायकली इकडे आणि तुझा कॅमेरा तिकडे?"

भाऊंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "साहेब, राखनदार वावरमा बठस, पन तोंड बांधकडे करस. पिक कोठे पळी जास? चोर बांधवरथून येस."

ज्याचं लहानपण ज्वारीच्या वावरात, माळ्यावर गोफण घेऊन गेलं, त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. सेक्रेटरींचंही वावर होतं, त्यामुळे त्यांनी कॅमेरा तसाच राहू दिला. पुढे एक हातगाडीवाला भंगार गोळा करायच्या मिषानं भिंतीला गाडी लावून सायकली उचलताना ह्याच कॅमेऱ्यात सापडला, तेव्हा सेक्रेटरींनी ती युक्ती आपलीच म्हणून चार ठिकाणी सांगितली. भाऊंना त्याचं काही नव्हतं. शिवाय त्यांची स्वतःची सायकल गेली तेव्हा नेमकी लाईट गेलेली होती. आम्ही त्यांना खूप चिडवलं आणि ते बापडे महिनाभर पायी आले.

राखणीच्या खोलीचा भाऊंचा कायदा एका वाक्याचा होता. कुणीही दारात आलं की ते विचारायचे, "चोरी व्हयनी का?" झाली असेल तर या, बसा, कॅसेट लावतो. नसेल तर, "मंग काय दखानं?" आणि दार बंद. एका सरांना त्यांच्या स्कूटरच्या सीटवर खडूनं कुणी काय लिहिलं ते पाहायचं होतं. हेडक्लार्कना बघायचं होतं की कोणता शिपाई दुपारी कुठे झोपतो. एका मुलाला तर आपण कॅमेऱ्यात कसे दिसतो एवढंच पाहायचं होतं. सगळ्यांना तेच उत्तर. 'तळं राखील तो पाणी चाखील' म्हणतात, पण भाऊ स्वतःही कॅसेट लावून बघत बसायचे नाहीत. कॅसेट भरली की दुसरी घालायची, जुनीवर पुन्हा भरायचं. टीव्हीवर त्यांनी घरून आणलेला एक निळा टॉवेल घातलेला असायचा.

मला ह्या सगळ्याचं तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. वाटलं ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

मी धरणगावजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. जळगावात आम्ही तिघी मैत्रिणी खोली करून राहायचो आणि हातानं स्वयंपाक करायचो. आबा, म्हणजे माझे वडील निंबा पाटील, महिन्याला एसटीनं पिठाची पिशवी घेऊन यायचे. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळण्याचं पीठ, त्यावर कागदात बांधलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. आबा फार बोलायचे नाहीत. पिशवी द्यायचे, "अभ्यास कर" म्हणायचे आणि परतीची गाडी धरायचे.

घरात शब्द चालायचा तो नानांचा. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ, सुकदेव पाटील. आजोबा लवकर गेले, तेव्हा नानांनीच घर ओढलं. त्यासाठी आबांना सातवीतून काढून वावरात राखणीला बसवलं तेही त्यांनीच. दुसरा इलाज नव्हता, हे आबाही मान्य करायचे. नाना वाईट नव्हते. पण घराण्याचं नाव म्हटलं की त्यांना दुसरं काही ऐकू यायचं नाही.

आणि सायकल स्टँडवर, प्रॅक्टिकल सुटल्यावर, मी रोज जीवरामशी बोलायचे. जीवराम माझ्याच वर्गातला. आम्ही केमिस्ट्रीबद्दल बोलायचो, सरांच्या नकला करायचो आणि खूप हसायचो. मला तो आवडायचा. हे लिहायला आता कसली चोरी? पुढे त्याचं लग्न झालं, माझंही झालं, आणि बोलण्याहसण्यापलीकडे त्यात कधी काही नव्हतं. पण गावाकडे मुलगी हसली एवढं कळलं तरी पुरतं. आमच्याच एका पाहुण्यानं आम्हाला भिंतीपलीकडून पाहिलं आणि कापूस घेऊन जिनिंगला आलेल्या नानांच्या कानात ते तिखटमीठ लावून ओतलं.

दुसऱ्या दिवशी नाना कॉलेजात हजर. जिनिंगमुळे सेक्रेटरींची आणि त्यांची जुनी ओळख. मी प्रयोगशाळेत होते. मुलींच्या खोलीवर असणाऱ्या कुंदाबाई मला बोलवायला आल्या. त्यांचा चेहराच सांगत होता.

"तुझे काका आले आहेत, पोरी," त्या म्हणाल्या. "तुझी फिल्लम बघायची म्हणतायत."

मी राखणीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आत नानांचा आवाज चढला होता.

"दखाडा. काही नही निंघनं, तर शिकी ती. काही निंघनं, तर आजच बिस्तरा बांधीसन घर."

म्हणजे एका कॅसेटवर माझं सगळं शिक्षण येऊन टांगलं होतं. स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं तोंड भाऊंनी कधीचंच फिरवलंय, हे मला ऐकून माहीत होतं. पण भीती वाटायला लागली की ऐकीव गोष्टींवर विश्वास बसत नाही. आणि गेटवरच्या कॅमेऱ्याचं काय? गेटमधून आम्ही दोघं कितीदा तरी सोबत बाहेर पडलो होतो. मला वाटलं, संपलं. ट्रंकेत काय काय भरायचं तेही मनात सुरू झालं.

कुंदाबाई चहा घेऊन आत गेल्या आणि मुद्दाम आतच थांबल्या. त्यामुळे पुढचं जे मला ऐकू आलं नाही, ते सगळं त्यांच्या तोंडून कळलं.

आत प्राचार्य सर होते, सेक्रेटरी होते, नाना खुर्चीत होते आणि भाऊ दाराशी उभे. भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "चोरी व्हयनी का?"

"घरनी अब्रू चालनी, हाई चोरी नही का?" नाना म्हणाले. "पोर मन्ही, घर मन्हं."

"पोर तुमनी शे," भाऊ म्हणाले. "कॅसेट कॉलेजनी शे. मी नही दखाडाव."

कुंदाबाई सांगायच्या की हे म्हणताना भाऊंचा आवाज चांगलाच कापत होता. ते काही शूर वगैरे नव्हते. घरी चार तोंडं खाणारी आणि नोकरी तात्पुरती. सेक्रेटरींनी तेवढीच दुखरी जागा धरली. "तोताराम, पाहुणे माझे आहेत. दाखव. तू अजून कायम झालेला नाहीस, हे विसरू नकोस."

सर काहीतरी बोलायला गेले, पण भाऊ आधीच नानांकडे वळले होते.

"नाना, तुमना वावरना राखनदार कोठे तोंड करीसन बठस?"

नाना चिडलेच. "बांधकडे. मंग काय पिककडे बठी?"

"मन्हं तोंड बी बांधकडेच शे. पोरी मन्हा पाठमांगे शेतस. राखनदार पिककडेच दखत बठना, तर बांधवर कोन दखी?" आणि नानांना पटावं म्हणून त्यांनी टीव्हीवरचा निळा टॉवेल काढला. "जुनी कॅसेट नही. हाई आत्तानं दखा. स्टँडवरला कॅमेरा कोठे दखस ते दखा."

पडद्यावर काळंपांढरं चित्र आलं. कुंपणाची भिंत, रस्ता, कडुलिंबाचं झाड. आणि झाडाखाली एक माणूस उभा होता.

ते आबा होते.

नानांनी त्यांना बजावलं होतं, मागून एसटीनं ये, रिकामा ये, पोरीची ट्रंक आणि बिछाना उचलायचाय. आणि आबांच्या खांद्यावर पिठाची पिशवी होती. भरलेली. टोपीवर, बाहीवर पीठ सांडलेलं. ज्या मुलीला आज घरी न्यायचं तिच्यासाठी कुणी महिन्याचं पीठ आणतं का? पण आबांनी आणलं होतं. भावापुढे तोंड उघडायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी पहाटे दळण दळून आणलं होतं. आत यायचीही हिंमत झाली नाही, म्हणून ते भिंतीबाहेर थांबले होते.

पडद्यावर एकामागून एक मुली सायकलवरून जात होत्या. प्रत्येक वेळी आबा एक पाऊल पुढे यायचे, चेहरा निरखायचे आणि परत झाडाखाली जायचे. मग त्यांनी टोपी काढली आणि टोपीनंच डोळे पुसले.

नाना खुर्चीच्या कडेला सरकून पडद्याकडे बघत होते. पन्नास वर्षं एका घरात राहून त्यांनी आपल्या भावाला असं कधी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? त्यांच्यासमोर आबा कधी रडलेच नव्हते.

आणि तेवढ्यात भाऊंनी निळा टॉवेल उचलून पडद्यावर टाकला.

"नाना, हाई बी दखानं नही," ते म्हणाले. "मन्हं चुकनं. हाऊ मानूस चोर नही."

कुंदाबाई म्हणायच्या, त्या वेळी नानांचा चेहरा आपल्याच गालावर चपराक बसल्यासारखा झाला. पण भाऊंनी ते नानांना टोचायला केलंच नव्हतं. पडद्यावरचा माणूस कोण, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की एक माणूस रडतोय आणि त्याला न विचारता चार जण त्याच्याकडे बघतायत.

नाना उठले. चहा तसाच राहिला. माझ्या अंगावरून गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी व्हरांड्याच्या टोकाला धावत गेले. नाना गेटबाहेर पडले, भिंतीच्या कडेनं झाडापर्यंत गेले. आबा त्यांना पाहून गडबडले, पिशवी पाठीमागे लपवायला लागले. एवढी मोठी पिशवी लपते कुठे! नानांनी ती त्यांच्या खांद्यावरून काढून घेतली, आपल्या खांद्यावर टाकली आणि दोघं भाऊ आत आले. नानांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पिठाचा पांढरा पट्टा उमटला होता.

नानांनी पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली.

"पीठ ताजं शे," ते म्हणाले. "चाळी घेजो."

बस, एवढंच. बिछान्याचा विषय निघाला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. दोघं एसटीनं परत गेले. मी पिशवी छातीशी धरून जिन्यात बसले आणि इतकी रडले की ओढणीवर पिठाचा चिखल झाला. कुंदाबाई पदरानं माझं तोंड पुसत म्हणाल्या, "पुरे गं, आता ह्याच्याच भाकरी थापशील का?"

सेक्रेटरी थोडे दिवस भाऊंशी बोलत नव्हते. सरांनी मात्र नोटिशीखाली भाऊंचं वाक्य आपल्या भाषेत घातलं, की चोरी किंवा नुकसान झालं असेल तरच चित्रण पाहिलं जाईल, मग मागणारा कुणीही असो. भाऊंची नोकरी राहिली. ते कायम झाले, पण त्याला आणखी बराच वेळ लागला. सरकारी कागद नानांपेक्षा उशिरा पाझरतो.

आज मी धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पगार झाला की मनात पहिल्यांदा आबांची पिशवी येते आणि दुसऱ्यांदा निळा टॉवेल. माझ्यावर उपकार करणारी माणसं पुष्कळ आहेत, देवदयेनं कधी वाण पडली नाही. पण माझ्यासाठी केलं हे ठाऊकही नसताना ज्यानं केलं, असा माणूस एकच.

ठाऊक नव्हतं, हे मला शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा कळलं. पहिला वर्ग मिळाला होता. मी पेढे घेऊन राखणीच्या खोलीकडे गेले. तीन वर्षं ह्या माणसाच्या कॅमेऱ्यासमोरून मी ये-जा केली होती. माझ्यापायी त्याची नोकरी जायची वेळ आली होती. काय बोलायचं ते मी वाटेत दोनदा घोकलं होतं, आणि दारात पोचल्यावर सगळं विसरले. सरळ वाकून पाया पडले.

भाऊ दचकून मागे सरले. टेस्टर खिशात खोचत त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. ओळखीची खूण चेहऱ्यावर काही उमटेना.

"तू कोननी आंडेर शे व, बाई?"

मला हसू आलं आणि रडूही. तीन वर्षं आमची राखण केली, आणि माणसाला माझं तोंड माहीत नव्हतं.

"धरणगावकडच्या निंबा पाटलांची लेक," मी म्हटलं. ते नावही त्यांना उमजलं नाही. मग मी म्हटलं, "भाऊ, ते झाडाखाली उभे होते ना, पिठाची पिशवी घेऊन, त्यांची."

भाऊंचा चेहरा एकदम उजळला. ते त्यांना बरोबर आठवत होते. ते बांधावर उभे होते ना.

"मंग," त्यांनी काळजीनं विचारलं, "ती पिशवी तुले भेटनी का?"

"भेटनी, भाऊ," मी म्हटलं आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे धरला.